चौथं कडवं

चेलो वाजवणं अवघड आहे, पण अकोल्याच्या मे महिन्यात तो जिवंत ठेवणं त्याहून अवघड आहे. लाकूड सुकतं, सरसानं चिकटवलेले सांधे सुटतात आणि दुपारी तीनच्या सुमारास बंद खोलीतून फट्‌ असा आवाज येतो. पहिल्यांदा तो आला तेव्हा मला वाटलं, उंदरानं काहीतरी पाडलं. जाऊन बघते तर वाद्याची पाठ कडेनं बोटभर उघडलेली. कूलर लावावा तर लाकूड ओल धरतं, न लावावा तर तडकतं. शेवटी मी त्या खोलीत चार माठ भरून ठेवले आणि त्यांच्यावर ओलं गोणपाट टाकलं. पाहुणे विचारतात, इतकं पाणी कशाला? मी सांगते, आत एकजण आहे, त्याला तहान लागते.

ज्यांनी चेलो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. घराणं व्हायोलिनचंच, पण आकारानं दहा वर्षांच्या मुलाएवढा. खुर्चीवर बसून तो दोन गुडघ्यांच्या मध्ये धरायचा आणि घोड्याच्या केसांच्या गजानं वाजवायचा. खालचा आवाज पुरुषाच्या खर्जाचा, वरचा बाईच्या तार सप्तकाचा. आमच्याकडे त्याला बहुतेक लोक ‘मोठी सारंगी’ म्हणतात. एका लग्नात नवरदेवाच्या काकांनी खोक्याकडे बघून मला विचारलं होतं की आहेराचं कपाट इथं मांडवात कशाला आणलं. मी तो अमरावतीला मिशनच्या शाळेत शिकले. केरळहून आलेल्या एका सिस्टरांकडे होता, त्यांना वाजवायला कुणीतरी सोबत हवं होतं आणि माझी बोटं लांब होती. एवढंच कारण. पुढे अकोल्याला मुलींच्या शाळेत संगीतशिक्षिका झाले, तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी पहिल्याच आठवड्यात बोलावून घेतलं. बाईमाणसानं मुलींसमोर असे गुडघे दूर करून बसावं का, असा त्यांचा प्रश्न होता. मी म्हटलं, मुली माझ्या बोटांकडे बघतात, गुडघ्यांकडे फक्त तुम्ही बघितलंत. त्यानंतर तीन वर्षं मला हार्मोनियम शिकवायला लावलं.

राग मला तेव्हाही येत होता. आता जास्त येतो, कारण आता मला माहीत आहे की तो कशाकशावर यायला हवा.

गेली दहा-अकरा वर्षं मी एक काम करते. या भागात ज्यांना गावानं, जातीनं किंवा मोहल्ल्यानं हाकलून दिलं, त्यांनी रचलेलं संगीत शोधते आणि चेलोवर वाजवते. सोबत तबल्याला सलीमभाई असतात. त्यांची जुनी व्हॅन आहे, तिच्या मागच्या सीटवर चेलो आडवा झोपतो आणि आम्ही दोघं पुढे बसतो. लोकांना वाटतं, हे फार थोर काम आहे. प्रत्यक्षात ते तलाठ्याच्या कामासारखं आहे. कुणाच्या वहीत काय आहे, कुणाच्या आजीला काय येतं, कोण खरं सांगतं आणि कोण आपल्याच वडिलांचं नाव घुसडतं, हे बघत हिंडायचं. पहिल्या भेटीत कुणी काही देत नाही. दुसऱ्या भेटीत चहा देतात. तिसऱ्या भेटीत एखादी ओळ.

सुरुवात झाली ती माझ्याच लहानपणापासून. अमरावतीला मी बाराव्या वर्षी ज्या क्लासमध्ये गाणं शिकले, तिथं एक बंदिश शिकवत. गुरुजी म्हणत, ही आमच्या घरची. चाळीस वर्षांनी कळलं की ती एका गाणाऱ्या बाईची होती. बाई आमच्याच भागात राहायच्या. सभ्य वस्तीत अशी बाई नको म्हणून शेजाऱ्यांनी सह्यांचा अर्ज केला आणि त्यांना घर सोडायला लावलं. गुरुजी त्याआधी दोन वर्षं त्यांच्याकडे शिकायला जात. मागच्या दारानं. अर्जावर त्यांचीही सही होती. मी त्या बाईंच्या नातीला शोधून काढलं. वही तिच्याकडे होती, आणि तिनं ती दाखवलीही. पण मी आजीचं नाव घेऊन कार्यक्रम करते म्हटल्यावर तिनं वही मिटून मांडीखाली ठेवली. म्हणाली, ताई, मुलीचं जमवून राहिलो आम्ही, आमच्या आजीचं नाव काढू नका. मी उठून आले. त्या बंदिशीखाली अजून गुरुजींचं नाव आहे, आणि मला ते खोडता येत नाही. ज्यांनी हाकललं त्यांची नातवंडं छाती काढून हिंडतात आणि जिला हाकललं तिची नात नाव लपवते. ही वाटणी कुणी केली, हे विचारायची सोय नाही.

त्या अनुभवातून मी एक चुकीचा धडा घेतला. मला वाटलं, नाव राहू दे, संगीत तर वाचवू. सूर वाचला की माणूस वाचला. हे वाक्य मी भाषणांतसुद्धा वापरत असे.

मग ती भजनस्पर्धा आली. अमरावतीला दरवर्षी होते, खेड्यापाड्यांतली मंडळं येतात. गुरुकुंज मोझरीकडची मंडळं खंजिरी अशी वाजवतात की परीक्षकाचा पेन थांबतो. मी परीक्षक होते. वलगावच्या पुढच्या एका गावाचं मंडळ उभं राहिलं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण मग बाकीची गावं हात झटकून मोकळी होतील. निवेदकानं सांगितलं, रचना पारंपरिक. आणि त्यांनी सुरू केलं:

वाजवितो सूर । वेशीबाहेरून ।
घ्यावा तो ऐकून । मायबापा ॥

मी पेन खाली ठेवला. चाल साधी होती, पण फार विचारानं बांधलेली. पहिलं कडवं खालच्या सा-वरून सुरू होतं आणि त्यात गाणारा वेशीबाहेर आहे. दुसरं गंधारावरून उठतं आणि तो गल्लीत येतो. तिसरं पंचमावरून, आणि तो देवळाच्या अंगणात पोचतो. माणूस चालत पुढे येतो तशी चाल वर चढते. तिसरं कडवं नी-वर येऊन थांबतं. ज्यांना सुरांची ओळख नाही त्यांच्यासाठी: नी हा वरच्या सा-च्या अगदी अलीकडचा सूर. तिथं थांबलं की कानाला बसवत नाही, पुढच्या सा-ची वाट बघावीच लागते. आणि नेमकं तिथंच मंडळानं टाळ मोठ्यानं वाजवायला घेतले, गजर केला आणि भजन संपवलं.

सलीमभाई प्रेक्षकांत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, “ताई, ये क्या, गाडी चढावर नेऊन बंदच केली यांनी.”

मी मंडळाच्या अध्यक्षांना गाठलं. बाबाराव म्हणून साठीचे गृहस्थ, मोठी शेती, मंदिराचे विश्वस्त, बोलायला अत्यंत सभ्य. मी विचारलं, पुढचं कडवं कुठं आहे? ते म्हणाले, आजोबांच्या काळापासून आम्ही एवढंच म्हणतो. रचणारा कोण, विचारलं तर हसून म्हणाले, पारंपरिक आहे हो मॅडम, अशा गोष्टींना कर्ता नसतो. त्या वर्षी पहिलं बक्षीस त्यांनाच मिळालं. माझेही गुण त्यात आहेत.

‘पारंपरिक’ या शब्दावर मला आता एक स्वतंत्र लेख लिहावासा वाटतो. परंपरा गाणी रचत नाही. गाणं रचायला एक माणूस लागतो, ज्याला त्या दिवशी दुसरंही काम असतं. ‘पारंपरिक’ लिहिलेलं दिसलं की मी आता पहिला प्रश्न विचारते, कुणाचं नाव पुसलंत? पण हे आता. तेव्हा मी काय केलं? ती चाल फोनवर घेतली होती, ती घरी बसवली. शेवट नव्हता, म्हणून माझ्या अकलेनं एक जोडला. नी-वरून वरच्या सा-वर नेलं आणि तिथं लांब गज ओढून चित्रपटात शोभेल असा थांबवला. आणि जठारपेठेत एका हॉलमध्ये शंभरेक लोकांसमोर वाजवलं. निवेदन मीच लिहून दिलं होतं: वऱ्हाडातलं पारंपरिक भजन. टाळ्या भरपूर. शेवट किती सुंदर केलात, असं चौघांनी येऊन सांगितलं.

पाचवी आली ती सुभद्राबाई. सत्तरी ओलांडलेली, काळी, काटक बाई. एका इस्पितळात आयाचं काम करून निवृत्त झालेली. तिच्या शेजारणीची नात माझ्याकडे शिकायची, तिच्यासोबत ती आली होती. दाराशी चपलांच्या ढिगाजवळ उभी राहून मला म्हणाली, “मास्तरीनबाई, शेवट तुमचा हाय. माया बापाचा नाही.”

मी विचारलं, कोण बाप?

तिनं तिथंच, लोक चपला शोधत असताना, म्हणून दाखवलं:

पुंजा म्हणे देवा । पायरीशी ठाव ।
तुला माझं नाव । ठावे आहे ॥

चाल वरच्या सा-ला गेली, पण थांबली नाही. ‘ठावे आहे’ या दोन शब्दांत पायऱ्या उतराव्या तशी उतरली आणि पहिल्या कडव्याच्या खालच्या सा-वर येऊन बसली. जिथून निघाली तिथं. मी जोडलेला शेवट त्यापुढे फार भडक वाटला.

पुढच्या आठवड्यात ती माझ्या घरी आली आणि चार माठांच्या मध्ये बसून तिनं सगळं सांगितलं. तिचे वडील पुंजाराम, मातंग समाजाचे, गावचे वाजंत्री. लग्नात, मिरवणुकीत, देवाच्या पालखीपुढे सनई त्यांची. पालखीपुढे चालायचे ते आणि देऊळ आलं की अंगणाच्या कडेला थांबायचेही तेच. पहिली तीन कडवी त्यांनी रचली तेव्हा गावाला ती फार आवडली. वेशीबाहेर उभं राहून मायबापा म्हणणारा वाजंत्री कुणाला आवडणार नाही. मंडळानं ती उचलली, देवळात म्हणायला लागले. मग एका वर्षी सप्ताहात, शेवटच्या दिवशी, पुंजारामांनी सनई खाली ठेवली, देवळाच्या सगळ्यात खालच्या पायरीवर पाय ठेवला आणि चौथं कडवं म्हटलं. स्वतःच्या नावासकट. बस्स. एवढाच गुन्हा.

त्या दिवसापासून गिरणीवाल्यानं दळण घेतलं नाही. दुकानदारानं मीठ दिलं नाही. गुरं कुठं नेता येईनात, कामाला कुणी बोलवेना. सनई गोट्यावर आपटून फोडली, तीही भर चौकात, लोकांना दिसावी म्हणून. महिनाभरात कुटुंब अकोल्याला आलं आणि पुंजाराम जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायला लागले. पुन्हा त्यांनी सनईला हात लावला नाही. कापसाच्या कचऱ्यानं छाती भरली आणि त्यातच गेले. पण रोज संध्याकाळी मुलीला पुढ्यात बसवून ते चौथं कडवं म्हणवून घ्यायचे. सुभद्राबाई म्हणाली, दुसऱ्यांच्या पोरी पाढे म्हणायच्या, मी हे म्हणायची. चुकलं तर टपली मिळायची.

“एकडाव त्या गावात म्हटलं पायजे,” ती म्हणाली. “त्याच्या नावानिशी. मी हाय तोवर. माया मागं कोनाले येत नाही ते.”

मी तिला शब्द दिला. आणि लगेच चूक केली.

मी बाबारावांना फोन केला. तुमच्या भजनाचं चौथं कडवं सापडलंय, सप्ताहाच्या शेवटी काल्याच्या दिवशी तुमच्या देवळात ते वाजवायचं आहे, असं सांगितलं. मला वाटलं होतं भांडण होईल. ते अगदी मोकळेपणानं हो म्हणाले. या की, म्हणाले. फक्त नुसतं वाजवा. शब्दांची काय गरज, तुमच्या वाद्यातच केवढा भाव आहे, स्पर्धेच्या वेळी ऐकलंय ना लोकांकडून. मी खूश झाले. इतकी वर्षं माझ्या वाद्याला कपाट म्हणणाऱ्या जगात कुणीतरी भाव ओळखला होता. मी सुभद्राबाईला कळवलं, तुमच्या वडिलांची चाल पूर्ण, चारही कडवी, त्याच अंगणात वाजणार.

ती तालमीला आली. मी चारही कडवी वाजवली. नीट वाजवली, हे मी आजही म्हणेन. शेवटची उतरण तर सनईसारखी आली. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “लय चांगलं वाजते. पन बापाचं नाव कोनत्या तारेवर हाय?”

मी समजावू लागले. सूर त्यांचा आहे, जसाच्या तसा आहे, चालीतच माणूस असतो वगैरे. माझं भाषणातलं वाक्य मी तिलाही ऐकवलं. ती थांबवत म्हणाली, “सूर त्याईनं तवाबी ठेवलाच होता ना, बाई. नाव तेवढं फेकलं. तुमी बी तेच करून राहिल्या.”

मला राग आला. मी चहा करायला आत गेले आणि उगाच भांडी आपटली. अकरा वर्षं उन्हातान्हात हिंडून हे काम करते आहे आणि ही बाई मला त्या गावाच्या ओळीत बसवते. चहा उकळेपर्यंत राग होता. उकळल्यावर मला बाबारावांचा मोकळेपणा आठवला. नुसतं वाजवा. त्यांना सगळं माहीत होतं. कडवं कोणतं, त्यात काय आहे, काय वाजलं तर चालेल आणि काय उच्चारलं गेलं तर चालणार नाही. माझ्या वाद्याला तोंड नाही, म्हणून ते त्यांना आवडलं होतं. एखाद्या माणसाचं गाणं त्याच्या नावावाचून पुन्हा वाजवायचं, आणि त्याला पुनरुज्जीवन म्हणायचं, टाळ्या मात्र आपण घ्यायच्या. गुरुजींनी तरी काय वेगळं केलं होतं? मी ज्यांच्यावर इतकी वर्षं दातओठ खात होते त्यांचंच काम मी अधिक चांगल्या वाद्यावर करत होते.

चहा घेऊन बाहेर आले आणि म्हटलं, “मावशी, शेवटचं कडवं तुम्ही म्हणायचं. मी खाली नुसता सा धरते.”

“माया आवाज फाटला हाय.”

“असू दे.”

बाबारावांना आम्ही काही कळवलं नाही. सलीमभाईंनी तेवढी सूचना केली की भांडण झालं तर आधी चेलो गाडीत जाईल, मग आपण.

काल्याच्या दिवशी अकराच्या सुमारास पोचलो. अंगण भरलेलं, बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, महाप्रसादाच्या कढया मागे चढलेल्या. मंडळाचे दहा-बारा जण टाळ घेऊन देवळाच्या बाजूनं बसले होते. त्यांच्यात सगळ्यात वडील गोविंदबुवा, पंचाहत्तरीच्या आसपासचे, पांढरं धोतर, मंडळात ते सांगतील तो सूर. बाबारावांनी हार घातला, शेजारी बसलेल्या सुभद्राबाईकडे बघून विचारलं, ह्या कोण? मी म्हटलं, माझ्यासोबत आहेत. त्यांनी माइक घेतला आणि सांगितलं, आता आपलं पारंपरिक भजन एका आगळ्या वाद्यावर.

मी माइक मागून घेतला. म्हटलं, हे भजन पुंजाराम वाजंत्री यांनी रचलं आहे. ते याच गावचे. त्यांना या गावातून घालवलं गेलं, आणि ह्या त्यांच्या कन्या सुभद्राबाई. एवढंच बोलले. तरुण पोरं एकमेकांना विचारत होती, कोण पुंजाराम. म्हातारी माणसं कुणालाच काही विचारत नव्हती. हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

मी सुरू केलं. पहिल्या कडव्याला टाळ आपोआप आले, सवयीनं. दुसऱ्याला बायका गुणगुणायला लागल्या. तिसरं कडवं संपता संपता मंडळाचे हात गजरासाठी वर उचलले गेले, इतक्या वर्षांची सवय. सलीमभाईंनी तबल्यावरचा हात उचलून धरला. ठेका दिलाच नाही. मी नी धरला आणि गज ओढत राहिले. टाळ हवेतच राहिले. गजाची एक मर्यादा असते, टोकाला आला की परतावं लागतं. मी परतले, आणि पुन्हा टोकाकडे. अंगणात नुसता तो नी होता आणि मागे कढयांखाली जळणाऱ्या लाकडांचा आवाज.

मग सुभद्राबाईनं म्हटलं. “पुंजा म्हणे देवा, पायरीशी ठाव.” आवाज खरंच फाटलेला होता, पण सूर जागेवर होता. मी खाली सा धरला. “तुला माझं,” ती म्हणाली आणि थांबली. पुढचा शब्द येईना. तिनं पुन्हा “तुला माझं” म्हटलं आणि पुन्हा थांबली. जो शब्द तिनं लहानपणापासून कधी चुकवला नव्हता, तो त्या अंगणात तिच्या तोंडून निघेना.

“नाव,” गोविंदबुवा म्हणाले.

सुरात म्हणाले. बरोबर जागेवर. आणि त्यांच्या दोन्ही बाजूंच्या म्हाताऱ्यांचे ओठ पुढे हलले: ठावे आहे. आवाज नव्हता, पण शब्द दिसत होते. सुभद्राबाईनं ते दोन शब्द पुरे केले, आणि खालच्या सा-वर ती आणि ते तिघं एकदमच पोचले.

मला वाटत होतं, बाबारावांसारखे एक-दोघं सोडले तर हे गाव विसरलं आहे. विसरणं मी समजू शकते. माणसं मरतात, वह्या वाळवी खाते, एखादं कडवं गळतं. मी सगळ्या भाषणांत विस्मृतीबद्दल बोलत आले होते. इथं विस्मृती नव्हतीच. त्यांना ते कडवं पाठ होतं. शब्दासकट, सुरासकट, उतरणीसकट. दरवर्षी सप्ताहात, दरवर्षी स्पर्धेत, तिसरं कडवं संपलं की त्यांच्या मनात चौथं सुरू होत असणार, आणि ते ऐकू येऊ नये म्हणून ते टाळ वाजवत होते. इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता.

सुभद्राबाई गोविंदबुवांकडे बघत होती. माइक बाजूला होता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

“येते तुमाले?”

गोविंदबुवांनी हो म्हणून मान हलवली.

“तं मंग म्हनत काहून नव्हते?”

त्यांनी टाळाची दोरी बोटाला गुंडाळली. मग म्हणाले, “म्हनू नोको म्हनून सांगतलं होतं.”

“कोनं?”

“आमच्या बाबानं.”

“कदी वारले बाबा?”

“झाले तीस-पस्तीस वर्सं.”

“मंग?”

बाबाराव शाल आणि नारळ घेऊन पुढे आले. म्हणाले, झालं ते झालं, आज गावानं मोठ्या मनानं ताईंचा मान ठेवला आहे, एक फोटो होऊन जाऊ दे. फोटोवालाही तयार होता. मी उठून काहीतरी भयंकर बोलणार होते, मोठ्या मनाबद्दलच, वाक्य तयार होतं. पण सुभद्राबाईनं हातानंच शाल बाजूला केली. तिला ती शाल रस्त्यात पडलेल्या वस्तूसारखी अडचण वाटत होती, एवढंच. तिचं लक्ष मंडळाकडे होतं.

“थांबा भाऊ,” ती बाबारावांना म्हणाली. मग गोविंदबुवांना म्हणाली, “मले लय झालं म्हनून म्हनून. आता तुमी म्हना. मले आयकू द्या.”

मी चेलोवर सा दिला नाही. सलीमभाईंनी ठेका दिला नाही. गोविंदबुवांनी शेजारच्यांकडे बघितलं, टाळ मांडीवर ठेवला आणि खाली मान घालून चौथं कडवं सुरू केलं. बाकीचे मागून आले. पहिला शब्द, तो दोन अक्षरांचा ‘पुंजा’, त्यांनी असा म्हटला की तो पुढच्या रांगेतसुद्धा धड पोचला नाही.

सुभद्राबाईनं त्यांना तिथंच थांबवलं.

“जोरानं,” ती म्हणाली.